मागची चाकं कोंडीबाची

नबीसाबच्या पिकअपची वाटणी कशी झालती ते आधी ऐकून घ्या, म्हणजे पुढं डोकं धरायची पाळी येणार न्हाय. इंजिन आणि पुढची दोन चाकं नबीसाबची. हौदा आणि मागची दोन चाकं कोंडीबाची. गाडी एक, मालक दोन, आणि मधून अशी आडवी रेघ. जगात भाऊ भाऊ बांधावरून डोकी फोडतात, पण तो बांध निदान जागेवर तरी बसलेला असतो. ह्यांचा बांध रोज चादरीचे गठ्ठे घेऊन सोलापूर ते टेंभुर्णी पळायचा.

पुढचा टायर झिजला तर नबीसाबनं बघायचं, मागचा झिजला तर कोंडीबानं. एकमेकाच्या चाकात बोट घालायचं न्हाय, अशी बोली. नबीसाब तसा टापटिपीचा माणूस, टोपीला इस्त्री करणारा. पुढं कायम कंपनीचा टायर, तोही शिवयोगीच्या दुकानात अर्धा दिवस बसून निवडलेला. कोंडीबा वळसंगचा, शेतकऱ्याचं पोर. मोडलेल्या वस्तूला आणखी एक जन्म दिल्याबगर त्याला जेवण जायचं न्हाय. मागं कायम रिमोल्ड, म्हणजे जुन्याच टायरवर नवं रबर चढवून आणलेला. त्यामुळं गाडी पुढून बघितली तर लग्नाला निघाल्यावानी दिसायची आणि मागून बघितली तर शेतातनं परतल्यावानी.

चालवायची बी वाटणी होती. जाताना नबीसाब, येताना कोंडीबा. टेंभुर्णीत माल उतरला, चहा झाला, की नबीसाब काय एक न बोलता डाव्या दारानं वर चढायचा, टोपी डोळ्यावर ओढायचा आणि घोरायला लागायचा. परतीची गाडी कोंडीबाची.

आता राहिली स्टेपनी. आडवी रेघ आखताना ह्या जादाच्या चाकाचा दोघांनाही ईसर पडला, आणि तितंच सगळा घोटाळा झाला. ती लोंबकळती हौद्याखाली, म्हणून कोंडीबा म्हणायचा माझी. पंक्चर पुढचीच जास्त होतात, म्हणून नबीसाब म्हणायचा माझी. कुटंबी गाडी थांबली की कोंडीबा टामी काढायचा. टामी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब. ती घेऊन आपल्या दोन चाकांवर एकेक ठोका हाणायचा आणि कान वाकडा करून आवाज ऐकायचा. हवा बरोबर असली की टायर टण्ण वाजतो, कमी असली की ठप्प. पुढच्या चाकाला त्यानं कधी टामी लावली न्हाय, ती परक्याची. पण जाता जाता खाली वाकून स्टेपनीला एक चोरटा ठोका हाणायचाच. लगेच नबीसाब केबिनमधून वरडायचा, "ये कोंड्या! स्टेपनीला हात लावू नको!" आणि मग पुढच्या नाक्यापर्यंत भांडण. त्या भांडणावर त्यांचा रस्ता सरायचा, डिझेलवर गाडी चालायची एवढंच.

मागच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीहून परत येताना मोडनिंबला दोघं चहाला थांबले. नबीसाबनं इचारलं, "भजी सांगू?"

"न्हाय," कोंडीबा म्हणला.

"मंग पाव?"

"न्हाय."

"मंग निघायचं का?"

"न्हाय."

नबीसाबला त्यात काय वावगं वाटलं न्हाय. कोंडीबा जन्मभर न्हायच म्हणत आलेला. लग्नात अंतरपाट धरला तवाबी भटजीला न्हाय म्हणला होता, असं त्याची बायको दगडाबाई सांगती. चहाचा कप हातातनं गळून पडला, तवा कुटं नबीसाब दचकला.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक शब्द तेवढा उरलाय. अशा आजारात होतं तसं. भूक लागली तरी तोच, पोट भरलं तरी तोच. दगडाबाईनं हे नबीसाबला सांगितलं तवा नबीसाब चिडला. "वहिनी, डागदरला काय ठावं? एकच शबुद उरला न्हाय. ह्येच्यापाशी पयल्यापासनं तेवढाच व्हता." दगडाबाई नवऱ्याचं पांघरूण सारखं करायला लागली. एखाद्याच्या पायात काटा मोडलेला असतो आणि तो काढू देत न्हाय, तवा आपण काय करणार?

कोंडीबा वळसंगला घरी गेला. नबीसाब एकट्यानं गाडी चालवू लागला, जाताना बी आणि येताना बी. आणि मागचे टायर झिजत झिजत चालले.

दिवाळी झाली आणि गाडीचं पासिंग आलं. आर.टी.ओ.च्या मैदानात नबीसाब इस्त्रीची टोपी घालून उभा. साहेबांनी पुढचे टायर बघितले, मान हलवली. मागं गेले, वाकले, टायरवर तळवा फिरवला.

"काका, हे गोटा झालेत. गालावरून हात फिरवल्यासारखं वाटतंय."

"ते माझे न्हाईत, सायेब."

"मग कुणाचे?"

"कोंडीबाचे."

साहेबांनी कागद बघितला. "इथं नाव तुमचं आहे."

"नाव माझंच. चाकं त्येची."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग कोंडीबांना सांगा बदलायला."

"त्ये आजारी हायत."

"मग तुम्ही बदला."

"मला त्यात हात घालता येत न्हाय सायेब. बोली हाय आमची."

साहेब माणूस वाईट न्हवता. त्यानं नबीसाबच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, माझ्यासमोर गाडी येते ती अख्खी येते. अर्धी गाडी पास करायचा नियम अजून निघालेला नाही. निघाला की मी स्वतः तुम्हाला कळवतो."

मैदानातली समदी माणसं हसली. एक एजंट तर टायरावर टेकून हसला. नबीसाबनं टोपी सारखी केली आणि गाडी वळवली. ज्या टायरांना लोक हसले, ते आपले न्हवते, ह्याचं त्याला समाधान वाटायला पाहिजे होतं. तसं काय वाटलं न्हाय.

कोंडीबाचा पोरगा दिग्विजय एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यात हाय, तितनंच नबीसाब गठ्ठे भरतो. त्याला इचारलं, मागच्या टायरचं कसं करायचं. पोरगं गुणाचं. म्हणला, "चाचा, आण्णांना आता कशाला इचारताय? तुमाला आवडतील ते घाला. आता चारी तुमचीच की."

पोरगं भल्याचंच बोललं होतं. पण नबीसाबला ते असं लागलं, की गठ्ठे मोजायचे राहिले. चारी माझी म्हणजे? चारी माझी झाली म्हणजे कोंडीबा गाडीतनं उतरला. आणि एवढा माणूस चालत्या गाडीतनं उतरला तर तो गेला कुटं? ह्याच्या पुढचा इचार नबीसाबनं केला न्हाय. त्यानं एवढंच ठरवलं, मागचे टायर निवडायचे ते कोंडीबानंच. त्याला दुकानात येता येत न्हाय ना? मग दुकान त्याच्याकडं न्यायचं.

ही बातमी नबीसाबच्या मौलाली चौकात कळायला येळ लागला न्हाय. नबीसाबच्या शेजारी बसप्पा राहतो. यंत्रमागावर जन्म घालवलेला माणूस, सायकलच्या वर कधी गेला न्हाय, पण टायरवर बोलायला लागला की दोन चहा थंड होतात.

"नबीसाब, टायर निवडायचा म्हंजी सून निवडल्यावानी," बसप्पा म्हणला. "पोरगी बघायची न्हाय. पोरीची आय बघायची."

"टायरची आय कोन?"

बसप्पानं बराच इचार केला. "ते शिवयोगीला इचारा. आपलं काम सांगायचं."

एक जण म्हणला नायलॉन घ्या, दगडाला भीत न्हाय. दुसरा म्हणला रेडियल घ्या, नायलॉन आता बैलगाडीला बी कुणी घालत न्हाय. केस कापणारा म्हणला टायर कुटलाबी घ्या, आत नायट्रोजन भरा, गाडी पिसावानी पळती. त्यावर बसप्पानं इचारलं, की मला पोटात गॅस लई धरतो, त्याच्यावर त्यो चालंल का? घरी नबीसाबची बायको माजिदा म्हणाली, "अजी, वो बीमार आदमी है. उनको कायकू टायर दिखाते? तुमे पसंद करो ना." नबीसाब ताटावरनं उठला. बिचारी माजिदा भाकरी हातात घेऊन बसून राहिली. तिलाबी कळत होतं, आणि नबीसाबलाबी कळत होतं. नवरा-बायकोत एवढं सारखं कळत असलं की कुणीतरी एकानं उठावंच लागतं.

पयल्यांदा न्यायचा तो रिमोल्डच, कारण कोंडीबाची आवड तीच. शिवयोगीकडनं एक टायर बघायला म्हणून घेतला, हौद्यात उभा ठेवला आणि नबीसाब अक्कलकोट रोडला लागला. बांधायला पाहिजे होता. पण हौदा कोंडीबाचा, बांधायचं काम कायम कोंडीबाचं, नबीसाबच्या ते ध्यानातच आलं न्हाय. कुंभारीच्या अलीकडं गतिरोधकावर गाडी उडाली आणि टायरनं हौद्यातनं उडी घेतली. रस्त्याच्या कडंला बाजार भरलेला. टायर कुणाला इचारतोय? धनगराच्या मेंढरांतनं वाट काढत, भांडीवाल्याला चुकवत, सरळ जाऊन एका बाईच्या टमाट्याच्या ढिगात घुसला आणि गप झाला.

नबीसाब पळत पोचला तवर बाई त्या टायरवर बसलेली.

"बाई, उठा. माझा टायर हाय."

"तुजा कसा? तुज्या गाडीला चार हायत की. हितनं मोजली मी."

"ह्यो दावायला चाललाय. वळसंगला."

"टायर दावायला? पोरगी हाय व्हय ती?" बाई काय उठंना. "हे टमाटं आता कोन घेनार? तू घे. समदं घे, मंग टायर ने."

नबीसाबनं समदे टमाटे घेतले, फुटके आणि न फुटके. वळसंगला पोचला तवा गाडीतनं लाल पाणी गळत होतं आणि कोंडीबाच्या गल्लीतली कुत्री मागं लागली होती. कोंडीबा अंगणात खुर्चीवर बसलेला, उजवा हात मांडीत पडलेला. नबीसाबनं टायर पुसला, गडगडत आणून त्याच्या पुढ्यात उभा केला.

"बघ. रिमोल्ड. तुजा लाडका. घालू?"

कोंडीबानं टायरकडं बघितलं. मग टमाट्याकडं. "न्हाय."

नबीसाबचा जीव भांड्यात पडला. "आयकलं का वहिनी? न्हाय म्हनला. आवड बदलली गड्याची."

दगडाबाई टमाटे निवडत होती. त्या आठवड्यात त्या घरात टमाट्याची चटणी, टमाट्याचं सार आणि टमाट्याची भाजी झाली.

दुसऱ्या खेपेला रेडियल. ह्या वेळंला बांधून. शिवयोगीनं बजावलं होतं, चाचा, नवा माल हाय, जसा नेला तसा आणा. कोंडीबा नेमका झोपला होता. झोपलेल्या माणसाला टायर दाखवता येत न्हाय, म्हणून नबीसाब टायर अंगणात आडवा ठेवून कट्ट्यावर बसला आणि त्याचाबी डोळा लागला. उठून बघतो तर टायरच्या मधोमध दगडाबाईची कोंबडी बसलेली. तिला हुसकली, टायर कोंडीबाला दाखवला. "न्हाय." बरं म्हणून परत नेला. शिवयोगीनं टायर उचलला, आत हात घातला आणि अंडं बाहेर काढलं.

"चाचा, ह्ये कंपनीकडनं हाय का तुमच्याकडनं?"

दुकानातली पोरं हसली. पण नबीसाब त्या दिवशी खुशीत होता. गाडी चालवताना पुटपुटत होता, रिमोल्डबी नको, रेडियलबी नको, लई नखरे कोंड्याचे! बघा, ह्यात खुश होण्यासारखं काय होतं? पासिंगची तारीख उलटत होती, गाडी दारात उभी राहायची पाळी आली होती. पण न्हाय म्हणणारा माणूस अजून तितं बसलाय, त्याला अजून काय तरी पसंत पडायचं बाकी हाय, आपण अजून एक खेप करू शकतो. माणसाला धरून ठेवायला एवढंबी पुरतं.

तिसऱ्या खेपेला नबीसाबचा पोरगा आवेज मधी पडला. आवेजचं मोबाईलचं दुकान हाय, त्यामुळं त्याला जगातलं समदं दिसतं. "अब्बा, टायर बदलून काय होतंय? आतली लोखंडी डिस्कच बदला. अलॉय घाला, रुंद टायर घाला. कोंडीबाचाचा बघतच राहतील." विजापूर रोडला त्याचा दोस्त होता. त्याच्याकडनं दोन अलॉय चाकं नुसती लावून बघायला म्हणून आणली, चांदीच्या ताटावानी चमकणारी, त्यावर हे रुंद टायर. मागं बसवली. आता गाडी उलटी झाली. पुढं म्हातारा, मागं नवरदेव. बसप्पानं गाडीला तीन चकरा मारल्या आणि म्हणला, "नबीसाब, ही गाडी आता रिवर्समधीच चालवा. चांगली दिसंल."

आवेजबी संगं निघाला. वळसंगपर्यंत रिकामी गाडी झ्याक गेली. पण गल्लीत शिरली आणि पोरं, म्हातारी, शेजारपाजार, समद्यांनी चकाकत्या चाकांवर एक चक्कर मारायला म्हणून हौद्यात उड्या घेतल्या. वजनानं हौदा खाली बसला आणि रुंद टायर वर मडगार्डला घासायला लागले. आधी आवाज आला, मग वास, मग धूर. कुणीतरी वरडलं, "पेटली, पेटली!" हौद्यातनं माणसं अशी पडली जशी फाटक्या पोत्यातनं कांदं. नबीसाबच्या अंगावर कुणीतरी दोन घागरी पाणी वतलं. पेटली न्हवती गाडी, आणि नबीसाब तर अजिबात पेटला न्हवता. इस्त्रीची टोपी कानावर चिकटली.

तसाच निथळत नबीसाब कोंडीबाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "कोंड्या, बघितलंस? घालू का ही?"

"न्हाय!" कोंडीबा म्हणला. जोरात म्हणला.

नबीसाब मागं वळला आणि आवेजला, दिग्विजयला, समद्या गल्लीला म्हणला, "आयकलं? आयकलं का? हाय का न्हाय अक्कल जाग्यावर? मी म्हनलो न्हवतो? ह्येला समदं कळतंय! तुमच्या डागदरला सांगा जाऊन!"

गल्ली पांगली. दगडाबाई भाकरी आणि सार घेऊन बाहेर आली, कोंडीबाच्या जवळ पाटावर बसली. ती बाई शांतपणानं बोलली. कुणी लहान पोराला अंगातला काटा दाखवून काढावा, तसं.

"नबीभाऊ, बसा हितं." मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, भाकरी खानार का?"

"न्हाय," कोंडीबा म्हणला आणि तोंड उघडलं. तिनं घास भरवला. त्यानं खाल्ला.

"भूक लागलीया ना?"

"न्हाय." पुन्हा तोंड उघडलं.

"ह्ये नबीभाऊ आलेत. वळखलं का?"

कोंडीबानं नबीसाबकडं बघितलं. डोळं पाण्यानं भरले त्याचे. "न्हाय," म्हणला. "न्हाय. न्हाय."

दगडाबाईनं त्याचं तोंड पदरानं पुसलं. "तुमी लांबनं टायर आनता. तुमचा हिरमोड नगं म्हनून मी बोलले न्हाय. पर भाऊ, गाडी भिताडाला टेकली तर तुमच्या घरी काय शिजायचं? घाला तुमच्या मनानं. ह्येंच्याकडनं आता व्हय यायचं न्हाय."

नबीसाब उठला. टोपी काढून पिळली, पुन्हा घातली. धुरानं काळी पडलेली अलॉय आवेजनं मुकाट परत केली, दोस्ती तुटली.

दुसऱ्या दिवशी नबीसाब शिवयोगीच्या दुकानात जाऊन बसला. शिवयोगीनं टायर पुढ्यात मांडले. नबीसाबनं एकावर बोट ठेवलं. "ह्यो चांगला दिसतोय."

"व्हय चाचा, लई चांगला."

नबीसाब थांबला. दुसऱ्यावर बोट ठेवलं. "का ह्यो?"

"व्हय की, ह्योबी एकच नंबर."

"का त्यो कोपऱ्यातला?"

"व्हय व्हय, त्याला तर तोडच न्हाय."

नबीसाबला त्या व्हयचा असा राग आला म्हणता! एवढ्या दुकानात एक माणूस निघंना, जो म्हणंल, न्हाय, नबीसाब, तुमाला काय कळतंय. शेवटी म्हणला, "घाल कुटलंबी. चारी एकाच जातीचं घाल." पुढचे काय वाईट न्हवते, पण तेबी काढले. एवीतेवी रेघ पुसलीच होती. स्टेपनीतबी नवा टायर घातला. डिस्क रंगवून घेतल्या. गाडी पयल्यांदाच पुढून आणि मागून सारखी दिसायला लागली. बसप्पा बघून म्हणला, "झ्याक." त्याच्या पुढं त्यालाबी काय सुचलं न्हाय.

पासिंग लगेच झालं. साहेबांनी नबीसाबला ओळखलं, हसले, मागच्या टायरवर तळवा फिरवला. "वा काका! आता कशी, चारी चाकं एका मालकाची वाटतात."

"व्हय सायेब," नबीसाब म्हणला.

मग बरेच दिवस तो वळसंगला गेला न्हाय. रोज टेंभुर्णी, रोज परत. कुंभारीवरून माल न्यायचं भाडं आलं तर दुसऱ्याला द्यायचा. शेवटी दगडाबाईचा फोन आला. "भाऊ, नवं टायर घातलं म्हनं. दावायला आनायचं न्हाय व्हय? माज्या कोंबडीनं काय पाप केलं?"

नबीसाब गेला. सकाळच्या उन्हात गाडी कोंडीबाच्या अंगणाच्या तोंडाशी लावली. ह्या वेळंला काय इचारायचं न्हाय असं ठरवूनच गेला होता. सीटमागची टामी तेवढी काढली आणि उगंच कोंडीबाच्या मांडीवर ठेवली. का ठेवली ते त्यालाबी सांगता आलं नसतं. कोंडीबाच्या मालकीची एवढीच वस्तू आता गाडीत उरली होती.

कोंडीबानं टामीकडं बघितलं. डाव्या हातानं ती धरली. मग खुर्चीतनं उठायला बघू लागला. दिग्विजयनं पळत येऊन त्याला काखेत धरलं. बाप लेकाला ओढत गाडीपाशी घेऊन गेला. मागच्या डाव्या चाकाजवळ थांबला, हात उचलला आणि ठोका हाणला.

टण्ण.

कान वाकडा करून ऐकलं. मग उजवा पाय फरफटत हौद्याच्या मागनं वळसा घालून दुसऱ्या बाजूला. टण्ण. पुन्हा कान वाकडा.

नबीसाब मनाला बजावत होता. आजारी माणसाच्या हातात कांब दिली तर तो समोर येईल त्याच्यावर ठोकंल, त्यात काय एवढं? दिग्विजयनं बापाला हळूच पुढच्या चाकाकडं वळवलं. "आण्णा, ह्येबी बगा की."

कोंडीबा पुढच्या चाकाकडं बघत उभा राहिला. नवं कोरं, मागच्यासारखंच चाक. त्यानं टामी खाली केली आणि मान फिरवली. परक्याच्या चाकाला टामी लावायची न्हाय.

मग तो मागं आला, पोराला धरून, कण्हत, हळूहळू वाकला, आणि हौद्याखाली स्टेपनीला एक चोरटा ठोका हाणला.

"ये कोंड्या!" नबीसाब वरडला. "स्टेपनीला हात लावू नको!"

त्याचं त्यालाच कळलं न्हाय, तोंडातनं कसं गेलं. कोंडीबा तसाच वाकलेला, मान वळवून त्याच्याकडं बघत. नबीसाब त्याच्याजवळ गेला.

"बरं बाबा. घे. तुजी. आजपासनं स्टेपनी तुजी."

"न्हाय," कोंडीबा म्हणला.

"आता न्हाय का? जलमभर भांडलास की तिच्यापायी!"

"न्हाय."

"मंग मी ठिवू?"

"न्हाय!"

"मंग काय कुंभारीच्या टमाटेवालीला दिऊ?"

"न्हाय! न्हाय!"

नबीसाब हातवारे करून भांडत होता, अगदी मोडनिंबच्या नाक्यावर भांडायचा तसा. गालावरनं पाणी चाललेलं, पण आवाज बघावा तर टिपेला. दगडाबाई दारात पदर तोंडाशी धरून उभी. मग कोंडीबाच्या हातातनं टामी गळाली. मान खाली गेली. दिग्विजयनं त्याला उचलून खुर्चीत बसवलं. तो दमला होता. डोळं मिटायला लागले होते.

नबीसाबनं टामी उचलली, पुसली, सीटमागं ठेवली. "येतो वहिनी," म्हणला. तोंड पुसलं, टोपी सारखी केली. भांडण झालं होतं, परतीला निघायची येळ झाली होती. तो गाडीला वळसा घालून गेला, डाव्या दारानं वर चढला, दार ओढून घेतलं आणि टोपी डोळ्यावर ओढली.

उजवी सीट रिकामी. गाडी काय चालू होईना.

बापाच्या खुर्चीमागं दिग्विजय उभा होता, त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. दगडाबाईनं हातानंच त्याला थांबवलं. कोंबडी चाकापाशी गेली, टायरला चोच मारून परत आली. लई येळानं गाडी जराशी हलली. आतल्या आत, गिअरच्या दांड्यावरनं पाय उचलून घेत, नबीसाब डाव्या सीटवरनं उजव्या सीटवर सरकत होता.